वहीतला बांगडा

सहाव्या महिन्यात मी आठवड्यातून तीनदा बांगडा खात होते. शिवाय दोनदा रावस, रोज थोडं समुद्री शेवाळ, एक दिवसाआड नाट्टो, म्हणजे ते तारा सुटणारं आंबवलेलं सोयाबीन, आणि एकदा जरा जोशात येऊन कोंबडीची कलेजी. हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात माझ्या माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नाही, आणि जपानात सहा वर्षं काढूनही मी अंड्याच्या पुढे गेलेले नाही. तेही केकमधल्या.

हे असं का केलं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. मागे जायला मला फारसं आवडत नाही, पण त्याशिवाय तुम्हाला मी नुसतीच खोटारडी वाटेन. खोटारडी आहेच, पण नुसतीच नाही.

आम्ही टोकियोजवळ उरायासुला राहतो. नवरा आणि मी दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. तो प्रोग्रॅम लिहितो आणि मी ते तपासते. माझं काम म्हणजे सिस्टिममध्ये खोटी माहिती भरायची आणि ती कुठे कोलमडते ते पाहायचं. डमी डेटा म्हणतात त्याला. दहा वर्षं मी इमानेइतबारे खोटं लिहिते आहे, हे आधीच नमूद केलेलं बरं.

ह्या गरोदरपणाआधी एकदा दिवस गेले होते. आठव्या आठवड्यात संपलं. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर जेव्हा असं होतं तेव्हा बहुतेकदा गर्भच मुळात नीट धरलेला नसतो, आईच्या हातात काही नसतं. मी ते वाक्य तसंच्या तसं पुण्याला आईला फोनवर सांगितलं. मग तिने विचारलं, "पपई बिपई खाल्ली नव्हतीस ना गं?"

आमच्या सुपरमार्केटात पपई एकेक करून जाळीच्या मोज्यात घालून ठेवलेली असते आणि लोक तिच्याकडे लांबूनच पाहतात. मी ती जन्मात विकत घेतलेली नाही. मी "नाही" म्हटलं. आई म्हणाली, "मग ठीक आहे." त्यात ठीक काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. मला राग आला. इतका आला की फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन वॉशिंग मशीनच्या झाकणावर हात आपटला आणि मग दोन दिवस तो हात दुखत होता. आईवर मात्र चिडले नाही. ती माझी आई होती आणि तिला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं.

त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या वेळी कुणाला बोट ठेवायला जागा ठेवायची नाही. बाळ नीट वाढलं पाहिजे आणि माझ्या वागण्यात खोट निघता कामा नये. ह्या दोन गोष्टी एकच आहेत असा माझा पक्का समज होता.

पुढची वेळ दीड वर्षाने आली. ह्या वेळी स्क्रीनवर बाळाचं हृदय लुकलुकताना दिसलं, डॉक्टरांनी मान हलवली आणि मला सिटी ऑफिसात जाऊन वही आणायला सांगितलं. बोशी-तेच्यो म्हणतात त्या वहीला, आई आणि बाळाची वही. त्यात गरोदरपणाच्या प्रत्येक तपासणीपासून पोर शाळेत जाईपर्यंतचं सगळं लिहितात. मागच्या वेळी वही मिळायच्या आधीच आटोपलं होतं, त्यामुळे खिडकीतल्या बाईंनी ती दोन्ही हातांनी पुढे केली तेव्हा मला बोलता येईना. त्यांना वाटलं मला जपानी येत नाही. त्यांनी सगळं पुन्हा सावकाश सांगितलं.

वहीबरोबर बॅगेला लावायचा एक बिल्लाही मिळतो. त्यावर लिहिलेलं असतं की माझ्या पोटात बाळ आहे. तो लावला की ट्रेनमध्ये लोक जागा देतात असं म्हणतात. माझा अनुभव असा की तो बिल्ला दिसताच समोरच्या माणसाला तत्काळ गाढ झोप लागते. आठव्या महिन्यात पोटच दिसायला लागतं तेव्हा मात्र देतात. तोवर कठीण काळ सरलेला असतो.

पहिले तीन महिने मी कशावर जगले ते मलाच माहीत नाही. ऑफिसच्या खालच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, थंडी सुरू झाली की काउंटरवर एक मोठं भांडं उकळत ठेवतात. मुळा, अंडी, माशांच्या वड्या, सगळं एकाच रश्श्यात. तो वास लिफ्टपर्यंत यायचा. मी जिन्याने जायचे, मग डॉक्टरांनी विचारलं की व्यायाम करता का, तर मी सांगितलं की रोज पाच मजले चढते. त्यांनी कौतुकाने लिहून घेतलं. तिथूनच सवय लागली असावी.

ह्या काळात सल्ल्यांची काही ददात नव्हती. आई सांगायची, "आता दोघांचं खायचं." सासूबाई सांगायच्या, "जिना अजिबात चढू नकोस." डॉक्टर सांगायचे, जिना चढा आणि एकाचंच खा. मी तिघांनाही हो म्हणायचे. नवरा म्हणाला, "अगं, तिघांपैकी एकालाच हो म्हण." त्याला काय जातंय सांगायला.

चौथा महिना लागला, मळमळ थांबली आणि मला जी भूक लागली, ती भूक मी आयुष्यात पाहिली नव्हती. पोहे, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, त्यावर दही. एका महिन्यात साडेतीन किलो. दवाखान्यातल्या काट्याने आकडा दाखवला आणि नर्सने तो आकडा एकदा माझ्याकडे, एकदा वहीकडे बघून लिहिला. मग मला एका छोट्या खोलीत आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

ह्या बाई पन्नाशीच्या, बुटक्या, एप्रनच्या खिशात लाल पेन. त्या मला ओकासान म्हणायच्या, म्हणजे आई. बाळाचा पत्ता नव्हता अजून, पण दवाखान्यात सगळेच तसं म्हणतात. त्यांनी मला तीन दिवसांच्या जेवणाचा तक्ता भरायला दिला. मी खराखुरा भरला. शब्दाशब्दाला त्यांनी फोनवर भाषांतर पाहिलं. चपटा केलेला तांदूळ. पिठाची जाड पोळी. स्टार्चचे मणी. आमटीपाशी फोनने हात टेकले. शेवटी त्यांनी प्रत्येक ओळीभोवती लाल गोल काढला आणि अत्यंत मऊ आवाजात म्हणाल्या, "ओकासान, हे थोडं जास्तच झालंय, नाही का?"

कुणी आरडाओरडा केला असता तर मी चारचौघींसारखी भांडले असते. त्या मऊ आवाजाने माझं पार पाणी झालं. मी शाळेत कायम पहिल्या बाकावर बसलेली मुलगी. माझ्या वहीत लाल गोल कधी नव्हते. पहिल्या वेळी काय झालं होतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलंच होतं, आणि मला वाटलं, आता ह्याही बाई मनातल्या मनात पपई शोधतायत.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक पोस्टर होतं, गर्भवतीचा आदर्श दिवस. सकाळी भात अर्धी वाटी, मिसो सूप, नाट्टो. दुपारी भाजलेला बांगडा आणि शेवाळाची कोशिंबीर. संध्याकाळी टोफू, पालक, पुन्हा अर्धी वाटी भात. मी निघताना त्याचा फोटो काढला. जमेल तसं करून बघू, एवढाच तेव्हा हेतू होता. खरंच.

पुढच्या महिन्याचा तक्ता भरायला बसले तेव्हा मी पोस्टरच उतरवून काढलं. रोज तेच नको म्हणून एके दिवशी बांगड्याच्या जागी रावस घातला, पालकाच्या जागी ब्रोकोली. डमी डेटा भरताना थोडी विविधता ठेवावी लागते, नाहीतर संशय येतो. नवरा शेजारी बसून हसत होता. "एक दिवस तरी केक खाल्ल्याचं लिही," तो म्हणाला, "खरं वाटेल." मी लिहिलं. फक्त एक तुकडा, वाढदिवसाचा.

बाईंनी तक्ता वाचला. लाल पेन काढलं. आणि पानाच्या कोपऱ्यात एक फूल काढलं. मधोमध भोवरा आणि भोवती पाकळ्या. इथे शाळेत मुलांनी उत्तम काम केलं की बाई असं फूल देतात, हानामारू म्हणतात. पस्तिसाव्या वर्षी, कंबर दुखत असताना, मला त्या फुलाने जो आनंद झाला तो सांगायची लाज वाटते. मी ते पान फ्रिजवर लावलं.

आता फूल मिळवायचं तर काट्यालाही पटायला हवं. कागदावर अर्धी वाटी भात आणि काट्यावर साडेतीन किलो हे दोनदा चालणार नव्हतं. म्हणून मी अर्धी वाटी भात खरोखरच सुरू केला. बांगडा मात्र सुरू केला नाही, करणं शक्यच नव्हतं. नाट्टो एकदा तोंडात घातला आणि तोंडातच राहिला. म्हणजे पोस्टरवरचं जे कमी करायचं ते मी कमी केलं आणि जे खायचं ते कागदावरच ठेवलं. तपासणीच्या आदल्या दिवशी तर नुसतं ताक.

इकडे आईने लाडू पाठवले. नाचणीचे, त्यात तूप, गूळ, खजूर. नवऱ्याच्या ऑफिसातला जो कोणी पुण्याला जाई, त्याच्या परतीच्या बॅगेत एक डबा येई. "डिंकाचे नंतर, बाळंतपणात," आई म्हणायची, "आता हे. सकाळी एक, संध्याकाळी एक." रोज व्हिडिओ कॉलवर ती विचारायची, "खाल्लेस का गं दोन्ही?" मी म्हणायचे, "खाल्ले." ती म्हणायची, "शहाणी माझी बाई ती." ते तिच्याकडचं फूल.

लाडू नवरा खात होता. टाकायचे कसे, इथे तर ओला कचरासुद्धा ठरल्या दिवशी ठरल्या पिशवीतून द्यावा लागतो आणि मला वाटायचं, पिशवीतून आईचे लाडू दिसतील. त्याने तक्रार न करता खाल्ले. सहाव्या महिन्यातला आमच्या दोघांचा एक फोटो आहे. त्यात पोट त्याचं जास्त दिसतं.

जवळच्या हिगाशी-कसाईच्या मराठी बायकांनी सातव्या महिन्यात हौसेने माझं डोहाळजेवण केलं. कम्युनिटी हॉलची खोली चार तासांसाठी घेतली होती, त्यामुळे ओटी, ओवाळणं, पेढा-बर्फीच्या वाट्या, सगळं घाईघाईत उरकलं. कुणीतरी म्हणालं, "काय मेंटेन केलंयस गं, मागून कळतसुद्धा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला ते कौतुक वाटलं. समोरच्या ताटातल्या पुरणपोळीचा मी एक घास खाल्ला, कारण मंगळवारी तपासणी होती.

त्या मंगळवारी सगळं अंगाशी आलं.

डॉक्टरांनी सोनोग्राफीचं यंत्र पोटावरून फिरवलं, एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग म्हणाले, बाळ दोन आठवड्यांनी मागे आहे. वाढ मंदावली आहे. रक्ताचा रिपोर्ट आला होता, हिमोग्लोबिन साडेआठ. मागच्या महिन्यात लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी मळमळायचं म्हणून मी त्या डबीत साठवत होते आणि वहीत रोज बरोबरची खूण करत होते.

डॉक्टरांनी माझी फाइल उघडली. आहारतज्ज्ञ बाईंना बोलावलं. दोघं माझे तक्ते पाहू लागले, एकेक पान, एकेक फूल. "हे विचित्र आहे," डॉक्टर म्हणाले. "एवढा मासा, कलेजी, शेवाळ, वर गोळ्या. तरीही रक्त कमीच होतंय. म्हणजे एकतर पोटात शोषलं जात नाही किंवा कुठेतरी आत रक्तस्राव होतोय." ते शांतपणे बोलत होते. छोट्या दवाखान्यात हे जमायचं नाही, मोठ्या हॉस्पिटलला पत्र देतो, तिथे भरती व्हावं लागेल, पोटाच्या तपासण्या कराव्या लागतील, आणि बाळाची वाढ थांबली असं दिसलं तर लवकर बाहेर काढावं लागेल. तिसाव्या आठवड्यात.

मी काही बोलले नाही. तुम्ही विचाराल, आता तरी का नाही बोललीस. मी स्वतःला अजून विचारते. माझा नवरा शेजारी बसला होता, त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पत्र घेतलं, वाकून आभार मानले आणि बाहेर आले. फुलं मिळालेली होती ना. ती परत कशी करायची ते मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर नवरा पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. सहा वर्षांत तो माझ्यावर कधी चिडला नव्हता. "ते तुझ्या पोटात नळ्या घालून बांगडा शोधणार आहेत," तो म्हणाला. "आपल्या बाळाला दहा आठवडे आधी बाहेर काढतील. आणि तू शहाणी मुलगी म्हणून बसून राहणार आहेस?" मग त्याचा आवाज फुटला. तो म्हणाला, "मीपण हसत बसलो. लाडू मीच खाल्ले." तो रडायला लागला तसं माझं अवसान गेलं. मला भीती वाटत होती, आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त. मागच्या वेळी माझ्या हातात काही नव्हतं. ह्या वेळी होतं, आणि मी ते मार्कांसाठी घालवत होते.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी दारात उभी होते. आहारतज्ज्ञ बाई आल्या, मला पाहून घाबरल्या. त्यांच्या खोलीत मी उभ्याउभ्याच सांगितलं. मासा खात नाही. कधीच खाल्लेला नाही. कलेजीही नाही. गोळ्या घेतल्या नाहीत. माझं जपानी घाबरल्यावर अगदी बालवाडीचं होतं, त्यामुळे कबुलीला कसलंही सोंग चढवता आलं नाही. मग मी भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "ते लिहिलं."

बाई पोस्टरकडे वळल्या. "म्हणजे मी तीन महिने आमच्याच पोस्टरला फुलं देत होते," त्या म्हणाल्या. मला वाटलं आता रागावतील. त्या खुर्चीत बसल्या, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या की काय ते मला आधी कळेना. थोडं हसत होत्या. हात काढले तेव्हा डोळे ओले होते. "बरं झालं आलात," म्हणाल्या. "खोटं का लिहिलंत ते नंतर सांगा. आधी सांगा, भूक लागलीय?"

मी हो म्हटलं. माझ्या बॅगेत एक डबा होता, नवऱ्याने सकाळी बळजबरीने कोंबलेला. आईच्या पाचव्या डब्यातले शेवटचे चार लाडू. बाईंनी त्यातला एक काट्यावर ठेवला, वजन लिहिलं, त्यात काय काय आहे ते विचारलं आणि ह्या वेळी फोन बाजूला ठेवून माझ्या तोंडून ऐकलं. नाचणी म्हणजे काय हे समजावताना मला घाम फुटला. मग त्यांनी लाडवाचा एक कण तोंडात टाकला, चावला, विचार केला आणि बाकीचा माझ्यासमोर सरकवला. "खा," म्हणाल्या. मी तो लाडू त्यांच्या देखत खाल्ला. चार महिन्यांत पहिला. आईच्या हातचं तूप. दुसराही खाल्ला.

डॉक्टरांनी पत्र परत घेतलं नाही, नुसतं खणात ठेवलं. आधी मला बजावलं. बाळ मागे का आहे ते खात्रीने सांगता येणार नाही, सगळं जेवणावर ढकलता येणार नाही, पण तीन आठवडे खरं खा, खऱ्या गोळ्या घ्या, दर चार दिवसांनी या. तोपर्यंत नाही वाढलं तर मोठं हॉस्पिटल. माझ्या आयुष्यातली ती सर्वात लांब परीक्षा. आणि पेपर मी लिहायचाच नव्हता.

मग मी खाल्लं. दोन वाट्या आमटी, मेथी, पालक, राजमा, उसळ, भाकरी, लाडू. गोळीने मळमळलं तरी गोळी, वर लिंबाचं सरबत. काट्याकडे पाहणं मी सोडलं. बाईंनी नवा तक्ता दिला, त्यात आमटीचं नाव माझ्याकडून शिकून जपानी लिपीत छापलं होतं. फुलं द्यायचं मात्र बंद केलं. मीच सांगितलं, देऊ नका.

एकदा त्यांनी माझी वही उघडून एक पान दाखवलं. प्रत्येक टप्प्यासाठी अर्धं पान असतं, गरोदर बाईने स्वतः लिहायचं, तब्येत कशी आहे, मनात काय आहे. माझी तीनही टप्प्यांची पानं कोरी होती. "हे आम्ही तपासत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या भाषेत लिहा. फक्त खरं लिहा." तोवर मी त्यांना पपईचं सांगितलं होतं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी तीनदा मोजलं. बाळ अजून लहान होतं, पण रेषेवर आलं होतं. त्यांनी खणातलं पत्र काढून फाडलं. मला वाटलं मी हसेन. मी त्या टेबलावर पडल्यापडल्या, पोटावर गार जेल असताना, हमसून हमसून रडले. नर्सने टिश्यूचा अख्खा डबा दिला.

नवव्या महिन्यात आई आली. सुटकेसमध्ये डिंक, खारीक, सुंठ, बाळंतविडा आणि वाळवलेली मेथी. विमानतळावर तिने आधी जावयाकडे पाहिलं. "तुम्ही जरा सुटलात," ती म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. आईला आम्ही लाडवांचं अजून सांगितलं नव्हतं. दवाखान्यात खरं बोलले होते, पण दवाखान्यात आई नसते.

मुलगी झाली. पावणेतीन किलो. त्याच छोट्या दवाखान्यात, भरल्या दिवसांची. मी स्वतः तिचं वजन दोनदा विचारून घेतलं.

पंधरा-सोळा दिवसांची असताना एका दुपारी मी तिला पाजत बसले होते. आई समोर वाळलेले लंगोट घडी करत होती. टेबलावर वही होती, आईला ती फार आवडली होती. जपानी येत नव्हतं पण ती बाळाच्या वाढीचा आलेख रोज उघडून बघायची, ठिपका रेषेच्या आत आहे ना. त्या दिवशी तिने चुकून मागची पानं उघडली. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला वाचता येतंय. मराठी.

उठून वही घ्यावी असं वाटलं. पण मांडीवर पोर, मी कशी उठणार. सातव्या महिन्याच्या अर्ध्या पानावर मी लिहिलं होतं: आज लाडू खाल्ला. आईला रोज दोन खाल्ले सांगत होते, एकही खात नव्हते. तिला खरं सांगितलं असतं आणि काही वाईट झालं असतं, तर तिने पुन्हा विचारलं असतं. मी पपई खाल्ली नव्हती.

आईने ते पान दोनदा वाचलं. लंगोटाची अर्धी घडी तिच्या हातात तशीच राहिली. मला वाटलं, आता लाडवांवरून ऐकावं लागणार, एवढ्या लांबून पाठवलेले.

"तुझ्या आधी एक होतं," आई म्हणाली.

मी पस्तीस वर्षांची. मला हे माहीत नव्हतं.

"तिसऱ्या महिन्यात गेलं. दवाखान्यातून घरी आले तर दारातच सासूबाईंनी विचारलं." ती माझ्याकडे बघत नव्हती, बाळाकडे बघत होती. "मला वाटलं, असंच विचारायचं असतं. काळजी असली की हेच विचारतात. मी तुला विचारलं आणि फोन ठेवल्यावर मला एकदम आठवलं, मला तेव्हा काय झालं होतं ते. पण परत फोन करून काय सांगणार होते?"

"तुला काय विचारलं होतं?" मी म्हटलं. मला माहीत होतं तरी.

"पपईच," आई म्हणाली. "मीही नव्हती खाल्ली गं."

बाळ पिणं सोडून झोपलं होतं. मग आईने पदराने डोळे पुसले, चष्मा पुसला, वही पुन्हा उघडली आणि त्या अर्ध्या पानाखाली बोट ठेवून विचारलं, ह्यात लिहायला अजून जागा आहे का.

मी तिला पेन दिलं.